रडीचा डाव: फाऊलची शिक्षा त्याच सामन्यात भोगायला लावायची की नाही?

लेफ्ट इन

११ जुलै २०२१, वेम्बली. युरो स्पर्धेचा अंतिम सामना. इटली आणि इंग्लंड १-१ असे बरोबरीत, नव्वद मिनिटं उलटून गेलेली. इंग्लंडचा बुकायो साका टचलाइनच्या कडेने इटलीचा बचावपटू किएल्लिनीला चकवून निघाला, आणि किएल्लिनीने मागून त्याची कॉलर धरून त्याला जमिनीवर ओढलं. पिवळं कार्ड मिळालं, किएल्लिनी उठून आपल्या जागी गेला, सामना पुढे सुरू. इटलीने पेनल्टीवर कप नेला.

तो फोटो लोक आजही कौतुकाने दाखवतात, 'अनुभवी बचावपटू असावा तर असा' म्हणून. मला त्या कौतुकाचाच राग येतो. त्या पिवळ्या कार्डाची त्या रात्री किंमत किती होती? पिवळं कार्ड एक तर दुसऱ्या पिवळ्याची भीती दाखवतं, नाही तर पुढच्या सामन्याची. इथे स्पर्धाच संपत आली होती. म्हणजे नुकसान साकाचं झालं, इंग्लंडच्या हल्ल्याचं झालं, आणि ज्याने फाऊल केला त्याचं काहीच गेलं नाही.

हॉकीत असा हल्ला मुद्दाम तोडला की पंच पिवळं कार्ड काढतात, आणि खेळाडू निदान ५ मिनिटं, वाईट फाऊल असेल तर १० मिनिटं खुर्चीवर बसतो. संघ तेवढा वेळ दहा जणांत खेळतो. किरकोळ खोडीला हिरवं कार्ड, २ मिनिटं बाहेर. शिक्षा तिथल्या तिथे, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर. ज्याचं नुकसान झालं त्यालाच फायदा मिळतो. फुटबॉलमध्ये आज तुम्ही माझ्या संघाचं नुकसान करता आणि कार्डं साठल्यामुळे पुढच्या आठवड्यात बाहेर बसता तेव्हा फायदा तिसऱ्याच संघाचा होतो. ह्यात न्याय कुठला?

माझं म्हणणं सरळ आहे. मुद्दाम हल्ला तोडणं आणि पंचाशी हुज्जत घालणं, या दोन गोष्टींसाठी फुटबॉलने सगळ्यात वरच्या पातळीवर १० मिनिटं बाहेर बसवण्याची शिक्षा आणावी. हे नुसतं स्वप्नरंजन नाही. इंग्लंडमध्ये खालच्या स्तरावरच्या फुटबॉलमध्ये हुज्जतीसाठी ही शिक्षा २०१९-२० पासून आहे. त्याआधी केलेल्या चाचणीत हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी खाली आलं होतं. मग मोठ्या खेळाडूंना ती का नको?

हॉकी आणि फुटबॉल दोन्ही पाहणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहावं.

दहा नंबर

आधी एक सांगतो. हॉकीवाल्यांनी खिलाडूवृत्तीच्या बाबतीत नाकाने कांदे सोलू नयेत.

तुमच्या खेळात डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरलेला आघाडीवीर कित्येकदा गोलकडे बघतच नाही. तो बचावपटूचा बूट शोधतो, कारण हॉकीत चेंडू पायाला लागणं हा फाऊल. चेंडू पायावर मारायचा, हात वर करून पंचाकडे बघायचं, पेनल्टी कॉर्नर घ्यायचा. त्याचा सराव करून घेतात. समोरच्याला चूक करायला लावून तिच्यावर गोल करायचा, ह्याला तुम्ही कौशल्य म्हणता. आमच्याकडे पेनल्टी बॉक्समध्ये पाय अडकवून घेणाऱ्याला मात्र सगळं जग ढोंगी म्हणतं. मला तरी दोन्हींत फरक दिसत नाही.

दुसरं, तुम्ही किएल्लिनी निवडला कारण तिथे कार्ड पिवळं होतं. रेआलच्या वाल्वेर्देचं घ्या. १२ जानेवारी २०२०, स्पॅनिश सुपर कपचा अंतिम सामना, रेआल माद्रिद विरुद्ध आत्लेतिको. ११५ वं मिनिट, ०-०. आत्लेतिकोचा मोराता एकटा गोलकडे सुटला. वाल्वेर्देने मागून पाय घातला आणि लाल कार्ड घेतलं. शिक्षा तिथल्या तिथे झाली, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर, आणि ५ किंवा १० मिनिटांची नाही तर उरलेल्या सगळ्या सामन्याची. तरी रेआल पेनल्टीवर ४-१ ने जिंकलं आणि वाल्वेर्दे सामनावीर ठरला. बाहेर जाताना आत्लेतिकोचा प्रशिक्षक सिमिओनेनेच त्याच्या पाठीवर थाप मारली. तुमच्या १० मिनिटांनी काय थांबणार होतं?

शेवटच्या पाच मिनिटांतल्या फाऊलला कुठलीच वेळेची शिक्षा लागू पडत नाही, कारण वेळच उरलेला नसतो. हॉकीतही नाही. शेवटच्या मिनिटाच्या पन्नासाव्या सेकंदाला हल्ला तोडला आणि ५ मिनिटांसाठी बाहेर बसलं, पण सामन्यातच १० सेकंद उरलेत, मग?

आणि मधल्या वेळेत काय होईल ते सांगतो. पिवळं मिळालेला संघ १० मिनिटं स्वतःच्या बॉक्ससमोर भिंत घालून बसेल. गोलरक्षक झोपेल, थ्रो-इनला अर्धा मिनिट लागेल, कुणाचा तरी स्नायू आखडेल. प्रेक्षकाला १० मिनिटं फुटबॉल मिळणारच नाही. आगीतून फुफाट्यात.

मधली फळी

पायावर चेंडू मारून कॉर्नर काढण्याबद्दल दहा नंबर यांच्याशी सहमत. मी हॉकीच पाहतो, पण ते पाहताना मलाही लाज वाटते. बाकी मुद्द्यांत लेफ्ट इनच्या बाजूने.

शिट्टी

मी बरीच वर्षं महाविद्यालयीन आणि क्लब पातळीवर हॉकीची पंच आहे, म्हणून मैदानाच्या आतून लिहिते.

पायाचा मुद्दा आधी. बचावपटूचा पाय चेंडूच्या मार्गात चुकीच्या जागी असणं ही बचावातली चूकच आहे. स्टिक जमिनीवर, पाय मागे, शरीर बाजूला, हे पहिल्या वर्षी शिकवतात. आघाडीवीर त्या चुकीचा फायदा घेतो. तो चेंडू उचलून अंगावर मारायला लागला तर मी उलटी फ्री हिट देते. पण दहा नंबर, तुमची तुलना एका ठिकाणी चुकतेय. ढोंग करणारा पंचाला फसवतो. बूट शोधणारा पंचाला फसवत नाही, चेंडू खरंच पायाला लागलेला असतो. ते बघायला सुंदर नाही, हे मान्य. खोटं मात्र नाही.

आता हिरव्या कार्डाबद्दल, कारण बाहेरून ते फार लहान वाटतं. २ मिनिटांत गोल होतोच असं नाही, बहुतेक वेळा होत नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. खेळाडू टेबलाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतो, पाणी पितो, श्वास खाली येतो, आणि त्याचे दहा सोबती त्याच्या वाटणीचं धावत असतात. तो परत येतो तेव्हा सेंटर हाफ त्याला जे दोन शब्द ऐकवतो, ते माझ्या कुठल्याही ताकिदीपेक्षा जास्त कामाला येतात. एकदा एक चांगला राइट हाफ माझ्यावर सतत ओरडत होता. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा हिरवं दाखवलं. त्या २ मिनिटांत त्याच्या बाजूने गोल झाला. उरलेल्या सामन्यात त्याने माझ्याकडे एकदाही मान वळवली नाही, आणि सामना संपल्यावर हात मिळवायला सगळ्यात आधी आला. पिवळं कार्ड खिशात घेऊन मैदानातच राहिला असता तर त्याचा राग वाढला असता. मैदानाबाहेर बसला म्हणून तो उतरला.

वेळकाढूपणाचं म्हणाल तर त्याचं मूळ शिक्षेत नाही, घड्याळात आहे. हॉकीच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पंचाने हात करून घड्याळ थांबवता येतं. गोल झाला की ४० सेकंद घड्याळ बंद. पेनल्टी कॉर्नर मिळाला की ४० सेकंद बंद, तेवढ्यात मुखवटे आणि गुडघ्याचे पॅड चढवायचे. कुणी जमिनीवर पडून राहिला तर वेळ त्याच्या संघाच्या कामाला येत नाही. फुटबॉलमध्ये घड्याळ चालूच राहतं आणि शेवटी पंच अंदाजाने भर घालतो. कतारला २०२२ मध्ये तो अंदाज जरा प्रामाणिक केला, तर इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही हाफ मिळून २७ मिनिटांच्या आसपास जादा खेळ झाला. एरवी ही मिनिटं कुठे जायची, याचा विचार करा.

अकरावा

लेफ्ट इन आणि शिट्टी, दोघांनाही एक सामना आठवून द्यायचा आहे.

४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदास चेंडू घेऊन निघाला होता, मागून ब्रिटनचा कॅलनन खेटून होता. रोहिदासची स्टिक वर गेली आणि कॅलननच्या चेहऱ्याला लागली. व्हिडिओ पाहून लाल कार्ड. मी ते दृश्य कितीतरी वेळा बघितलं. मला त्यात हेतू दिसत नाही. नजर चेंडूवर होती, स्टिक चेंडू पुढे नेण्याच्या हालचालीत वर गेली. पण ४३ मिनिटं भारत दहा जणांत खेळला, आणि वर एका सामन्याची बंदी. पेनल्टी कॉर्नरवर सगळ्यात आधी धावून जाणारा माणूस जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नव्हता. तो सामना आपण २-३ हरलो. बंदीविरुद्धचं अपीलही फेटाळलं गेलं.

तिथल्या तिथे शिक्षा, हे ऐकायला छान आहे. पण शिक्षा तिथल्या तिथे झाली की चूकही तिथल्या तिथे होते, आणि ती मागे घेता येत नाही. फुटबॉलमधलं पिवळं कार्ड चुकीचं असलं तरी संघ अकरा जणांत राहतो. १० मिनिटांची शिक्षा चुकून दिली आणि त्यात दोन गोल झाले, तर ते गोल कोण परत देणार? जेवढी शिक्षा जड, तेवढी पंचाची चूक जड.

लेफ्ट इन

रोहिदासचं लाल कार्ड मलाही पटलं नव्हतं. हेतू नसेल तर ते पिवळं असायला हवं होतं. पण नीट बघा, तुमचं उदाहरण लाल कार्डाचं आहे. लाल फुटबॉलमध्येही आहे आणि तिथेही चुकीचं दिलं जातं. हॉकीकडे हिरवं आणि पिवळं अशा दोन पायऱ्या मध्ये आहेत, म्हणून पंचाला 'काहीच नाही' आणि 'सामन्याचा निकाल' यांतलं काहीतरी निवडता येतं. फुटबॉलच्या पंचाकडे मधली पायरीच नाही. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी योंगने स्पेनच्या शाबी आलोन्सोच्या छातीवर बूट ठेवला, आणि कार्ड पिवळं निघालं. १० मिनिटांचा पर्याय असता तर निदान तो वापरला गेला असता.

आणि त्याच पॅरिसच्या सामन्यातून मी उलटं शिकतो. लाल कार्डानंतर पाचच मिनिटांनी हरमनप्रीतने गोल केला. ब्रिटनला दहा जणांसमोर ४३ मिनिटं मिळाली, त्यात त्यांचा एकच गोल झाला, आणि शूटआउट भारताने ४-२ ने घेतलं. म्हणजे माणूस कमी झाला की सामना संपतो ही भीती खरी नाही.

दहा नंबर

लेफ्ट इन, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. ब्रिटनला ४३ मिनिटांत एकच गोल का करता आला? कारण भारताने डीसमोर भिंत बांधली आणि मागे गोलरक्षक श्रीजेश उभा होता. तो बचाव थोर होता, त्याबद्दल दुमत नाही. पण हॉकीत अमर्याद बदली आहे. दमला की बाहेर, ताजा झाला की आत. म्हणून दहा जणांनाही दाब सहन करता येतो, आणि अधूनमधून पुढे झेपही घेता येते. फुटबॉलमध्ये पाच बदल्या, आणि बाहेर गेलेला परत येत नाही. त्यात मैदान मोठं, सामना नव्वद मिनिटांचा. माणूस कमी असला की हे लोक झेप घेणार नाहीत, फक्त बसतील. एका खेळातली शिक्षा दुसऱ्या खेळात उचलून लावता येत नाही, कारण तिच्या आजूबाजूचे नियमच वेगळे आहेत.

नियमांवरून ऑफसाइड आठवला, म्हणजे बचावपटूंच्या मागे जाऊन चेंडूची वाट बघत उभं राहायला असलेली बंदी. हॉकीने तो १९९६ मध्ये प्रयोग म्हणून काढला आणि १९९८ पासून कायमचा. तेव्हापासून हॉकीत बचावाची रेषा पुढे चढवण्याची कलाच राहिली नाही असं मला वाटतं. फुटबॉलमध्ये प्रशिक्षक सॅकीच्या मिलानने १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप कशावर जिंकले? बचावपटू बारेसीने हात वर केला की चौघं एका पावलाने पुढे, आणि समोरचा आघाडीवीर जाळ्यात. खेळ मधल्या तीस-पस्तीस मीटरमध्ये दाबून टाकायचा, चेंडू तिथेच हिसकावायचा. आज जे हाय प्रेसिंग म्हणून सगळे मिरवतात त्याचा पाया हाच. ऑफसाइड नसता तर दोन उंच माणसं गोलसमोर उभी करून लांब चेंडू टाकत बसले असते सगळे. तुमच्याकडे तेच झालं, एक जण गोलपोस्टशेजारी स्टिक टेकवून उभा, कुणीतरी जोरात मारायचं आणि याने दिशा द्यायची.

मधली फळी

'तेच झालं' हे साफ चूक, दहा नंबर. ऑफसाइड गेल्याने बचावपटूंना पूर्ण मैदान सांभाळावं लागलं, आणि त्यातूनच उंचावरून टाकलेला चेंडू, धावता धावता हवेतच स्टिकवर झेललेला चेंडू, स्टिकच्या उलट्या बाजूने मारलेला टॉमाहॉक फटका, हे सगळं फुललं. २००९ च्या स्वतःलाच पास देण्याच्या नियमाने तर खेळाचा वेगच बदलला. फाऊल झाला की चेंडू ठेवायचा आणि स्वतःच घेऊन पळायचं. फाऊल करून हल्ला तोडण्याचा फायदा तिथेच निम्मा संपतो, कारण बचावाला जागेवर यायला वेळच मिळत नाही.

खरं तर माझ्या मते फुटबॉलने हॉकीकडून कार्डं नाही, हा नियम घ्यावा. किएल्लिनीने साकाला ओढलं, साका उठला, चेंडू ठेवला आणि स्वतःच पुढे निघाला. इटलीचे बाकीचे अजून मागे धावताहेत. मग ओढण्यात अर्थ काय राहिला?

शिट्टी

मधली फळी, हा या धाग्यातला मला सगळ्यात आवडलेला मुद्दा. एवढंच जोडते की अशा वेळी समोरचे पाच मीटर मागे नसतील तर पंचाला लगेच पुढची शिट्टी मारावी लागते. तो नियम कडक राबवला नाही तर स्वतःला पास देणंही अडवून टाकतात. चेंडूवर उभं राहणं, तो लाथेने दूर सारणं, ही हिरव्या कार्डाची नेहमीची कारणं आहेत. म्हणजे कार्ड लागतंच.

गोलजाळी

मी गोलरक्षक होते, म्हणून माझा जीव शूटआउटमध्ये जास्त.

फुटबॉलची पेनल्टी मला कधीच न्याय्य वाटली नाही. ११ मीटरवरून मारणारा, आणि रेषेवर एक पाय ठेवून अंदाज बांधणारा गोलरक्षक. हॉकीत खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून निघतो, त्याच्याकडे ८ सेकंद असतात, आणि गोलरक्षक पुढे येऊन कोन कमी करू शकतो, डाइव्ह मारू शकतो, पाय टाकू शकतो. तो खराखुरा खेळ असतो. रिओला २०१६ च्या महिलांच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्स आणि ग्रेट ब्रिटन ३-३ होते, आणि ब्रिटनची गोलरक्षक मॅडी हिंचने शूटआउटमध्ये नेदरलँड्सचा एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. असा पराक्रम फुटबॉलच्या पेनल्टीत नशिबाशिवाय घडत नाही. अमेरिकेच्या एमएलएस या फुटबॉल लीगने १९९६ ते १९९९ मध्ये असाच धावत येऊन मारण्याचा शूटआउट चालवला होता, ३५ यार्डांवरून, ५ सेकंदांत. मग सोडून दिला. मला ते सोडणं चुकीचं वाटतं.

पण हॉकी इथे स्वच्छ आहे असंही नाही. अकरावा यांनी पॅरिसचा सामना काढलाच आहे, तर त्यानंतर हॉकी इंडियाने केलेली तक्रारही सांगायला हवी. शूटआउटच्या वेळी ब्रिटनच्या गोलरक्षकाला गोलपोस्टमागून सूचना मिळत होत्या आणि त्याने व्हिडिओ टॅबलेट वापरला, असं त्यात म्हटलं होतं. मला विचाराल तर टॅबलेट चुकीचाच. गोलरक्षकाने अभ्यास आधी करावा. मैदानात उतरल्यावर त्याचे डोळे आणि त्याची आठवण, एवढंच त्याच्याजवळ असावं.

दहा नंबर

मग २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचा गोलरक्षक लेमानने मोज्यातून कागद काढून वाचला तोही चुकीचा? अर्जेंटिनाच्या कुणाची पेनल्टी कुठे जाते ते त्यावर लिहिलेलं होतं. आयाला आणि काम्बियासो दोघांच्या पेनल्टी त्याने अडवल्या. तो कागद आज संग्रहालयात आहे. जगाने त्याला हुशारी म्हटलं.

गोलजाळी

कागदावर जे होतं ते आधीच लिहून ठेवलेलं होतं. टॅबलेटवर बाहेरचं कुणी आत्ता काय निवडून दाखवतंय हे पंचाला कळत नाही. माझ्यासाठी रेषा तिथे आहे, बाहेरची मदत आली की नाही. तरी मान्य करते, रेषा बारीक आहे.

अकरावा

सगळे नियमांवरच बोलताहेत. नियमाबाहेरचं काहीच नाही का?

डिसेंबर २००० मध्ये एव्हर्टनविरुद्ध १-१ असताना वेस्ट हॅमच्या दी कानियोकडे क्रॉस आला. गोलरक्षक बॉक्सच्या बाहेर गुडघा धरून पडला होता, गोल जवळजवळ रिकामा. दी कानियोने चेंडू हातात झेलला आणि खेळ थांबवला. २०१२ मध्ये लाझिओच्या क्लोजाने नापोलीविरुद्ध हाताला लागून झालेला गोल पंचाला स्वतः सांगून रद्द करून घेतला. तेव्हा सामना ०-० होता, आणि लाझिओ ०-३ हरला. २८ एप्रिल २०१९ ला ॲस्टन व्हिलाचा खेळाडू जमिनीवर असताना लीड्सने गोल केला, तर लीड्सचा प्रशिक्षक बिएल्साने आपल्या संघाला बाजूला होऊन गोल होऊ द्यायला सांगितलं. त्यांचाच यान्सन ते ऐकायला तयार नव्हता, तो अडवायला धावला, तरी गोल झाला आणि सामना १-१ सुटला.

यातल्या कुठल्याच गोष्टीला कार्ड लागलं नाही. आणि नियमाने खिलाडूवृत्ती आणायला गेलं की काय होतं तेही पाहिलं आहे. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल गुण, गोल, आपसातला सामना, सगळ्यात सारखे. मग कार्डं मोजली. जपानची ४ पिवळी, सेनेगलची ६. हा 'फेअर प्ले'चा निकष. तो आपल्या बाजूने आहे हे कळल्यावर पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे असलेल्या जपानने शेवटची दहा मिनिटं आपल्याच अर्ध्यात चेंडू फिरवला. पुढे जायचं नाही, फाऊल करायचा नाही, कार्ड घ्यायचं नाही. मागे असलेला संघ हल्ला करत नाही, हे दृश्य खिलाडूवृत्तीच्या नियमाने घडवलं. लेफ्ट इन, कार्डावर माझा विश्वास का नाही ते यात आहे.

लेफ्ट इन

तुमची तिन्ही माणसं मला प्रिय आहेत, बिएल्सा तर फारच. पण विचार करा, ही नावं आपल्याला पाठ का आहेत? कारण ती विरळ आहेत. विरळ चांगुलपणावर रोजचा खेळ चालत नाही.

आणि नियम बदलल्याने वागणं बदलतं याचे पुरावे फुटबॉलमध्येच आहेत. १९८२ ला हिहोनमध्ये पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला दहाव्या मिनिटाला गोल मारला आणि मग दोघांनी ऐंशी मिनिटं चेंडू इकडून तिकडे केला, कारण १-० ला दोघंही पुढे जात होते आणि अल्जीरिया बाहेर. त्यावर नुसते नीतीचे धडे देऊन थांबले नाहीत. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी ठेवले. गोलरक्षकाकडे चेंडू मागे देऊन वेळ मारायचे, १९९२ मध्ये त्याला हात लावायला बंदी केली, संपला तो प्रकार. आता २०२५ पासून गोलरक्षकाने ८ सेकंदांपेक्षा जास्त चेंडू धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. आधीचा ६ सेकंदांचा नियम कुणी राबवतच नव्हतं. जपानच्या वेळी चूक खिलाडूवृत्ती मोजण्यात नव्हती. मोजलेले गुण सामना चालू असताना सगळ्यांना ठाऊक होते आणि ते वेळकाढूपणाला बक्षीस देत होते, ही चूक होती.

दहा नंबर

हिहोनचं उदाहरण तुमच्या बाजूने चांगलं आहे, मानलं. पण तुमचे सगळे यशस्वी बदल बघा: सामन्यांच्या वेळा, मागचा पास, ८ सेकंद. एकातही पंचाला खेळाडूचा हेतू ओळखावा लागत नाही. सेकंद मोजता येतात. 'मुद्दाम हल्ला तोडला' हे मोजता येत नाही. तिथेच तुमची १० मिनिटं अडकणार. हुज्जतीसाठी आणा, मी विरोध करणार नाही. २०२४ च्या युरोमध्ये फक्त कर्णधारानेच पंचाशी बोलायचं हे केलं, तर पंचाभोवतीची गर्दी खरंच कमी झाली, ते मी पाहिलं. हल्ला तोडण्यासाठी मात्र नाही.

आणि पंचाच्या मानाबद्दल हॉकीने फार बोलू नये, हेही राहिलंच. १९७२ ला म्युनिकचा अंतिम सामना पश्चिम जर्मनीकडून ०-१ हरल्यावर पाकिस्तानच्या गोटाने काय केलं? आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांवर पाणी ओतलं, पदक घेताना अपमान केला, आणि खेळाडूंवर आजीवन बंदी आली, जी पुढे मागे घेतली. स्टिक हातात असली म्हणून माणूस संत होत नाही.

शिट्टी

संत होत नाही, बरोबर. पण स्टिक हातात असल्याने माणूस सावध मात्र होतो. लंडनला २०१२ मध्ये ब्रिटनची कर्णधार केट वॉल्श हिचा पहिल्याच सामन्यात स्टिक लागून जबडा मोडला. प्लेट बसवून ती परत खेळली आणि कांस्यपदक घेतलं. जो खेळ असा जबडा मोडू शकतो, तिथे पंचाने शिस्त ढिली सोडली तर दवाखाने भरतील. आमची कार्डं त्या भीतीतून आली आहेत, मोठेपणातून नाही.

हेतू ओळखण्याबद्दल: पंच रोज तेच करतो. समोरचा चेंडू खेळायचा प्रयत्न करत होता का, एवढंच बघायचं असतं. कॉलर चेंडू नसते.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि लेफ्ट इनने ती सोडवून दाखवावी. हॉकीत गोलरक्षकाला कार्ड मिळालं तर संघ राखीव गोलरक्षक उतरवतो आणि मैदानातला एक खेळाडू बाहेर काढतो, बदली मोकळी असल्याने ते सोपं जातं. तुमच्या फुटबॉलमध्ये वेळकाढूपणाची सगळ्यात जास्त तक्रार गोलरक्षकाबद्दलच असते. त्याला १० मिनिटं बाहेर बसवलं आणि संघाच्या पाचही बदल्या संपलेल्या असल्या, तर गोलमध्ये कोण उभं राहणार?

लेफ्ट इन

लेफ्टबॅक उभा राहील, हातमोजे घालून. लाल कार्डाच्या वेळी तसंच होतं आणि खेळ चालतो.

गोलजाळी

१० मिनिटं? लाल कार्डानंतर ते सहन होतं, कारण गुन्हा तेवढा मोठा असतो. गोल किक मारायला उशीर केला म्हणून लेफ्टबॅकला गोलमध्ये उभं करणं मला जड वाटतं. गोलरक्षकाच्या वेळकाढूपणाला कॉर्नर पुरेसा आहे, कार्ड बाकीच्या दहा जणांसाठी ठेवा. एवढी दुरुस्ती केलीत तर माझं मत तुमच्या बाजूने.

लेफ्ट इन

दुरुस्ती मान्य.